रुपजीच्या पाड्यामागचं विवर

पृथ्वीचं खरं रूप पाहायचं असेल, तर आधी पृथ्वीपासून दूर जावं लागतं.

हे वाक्य माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे. मार्गदर्शकांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती. ते लिहिलं तेव्हा मी स्वतः पृथ्वीपासून सगळ्यांत दूर गेले होते ती वापीला नणंदेच्या घरी, सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती म्हणून तेही पायांनी.

नोव्हेंबर पुन्हा आला आहे. डहाणूची थंडी म्हणजे थंडीची नुसती बातमी असते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, वाडीत चिकूच्या चिकाचा वास पसरतो, किनाऱ्यावर, आगरच्या बाजूला, दांड्यांवर बोंबील सुकायला लागतात आणि आठ वाजेपर्यंत ज्यांनी स्वेटर घातले होते ते काढून कमरेला बांधतात. आमच्याकडे या दिवसांची मजा एवढीच. गेल्या वर्षापासून मात्र नोव्हेंबर लागला की कान स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे लागतात. आधी दूरवर सुरुंग उडाल्यासारखा आवाज. मग मांडणीतल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना हळूच विचारतात, जायचं का? आणि मग खालून कुणी तरी पलंगाला लाथ मारावी तसा धक्का. डहाणूत एवढंच. तलासरीकडच्या पाड्यांवर याच्या कितीतरी पट, कारण ती लाथ मारणारा त्यांच्या बरोबर खाली होता.

पहिल्या आठवड्यात सगळे म्हणाले, खाणीत सुरुंग लावतात. दुसऱ्या आठवड्यात खाणवाले म्हणाले, आमची खाण बंद आहे. तिसऱ्या आठवड्यात ज्वालामुखी आला.

म्हणजे शब्द आला. कुणाच्या विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागलं. हिवाळ्यात विहिरीचं पाणी पहाटे कोमटच असतं, गेली हजारो वर्षं. पण त्याकडे बघायला पूर्वी कुणाला कारण नव्हतं. कुणाला डोंगरावर धूर दिसला. आणि डहाणूत ज्वालामुखीबद्दल काही माहीत असलेली व्यक्ती एकच होती. दुर्दैवाने ती मी.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. २०१४ साली मी प्रबंधासाठी नाव नोंदवलं आणि पुढची चार वर्षं आफ्रिकेतल्या एका ज्वालामुखीच्या विवराची उपग्रहावरून घेतलेली चित्रं पाहत बसले. चित्रं फुकट मिळत. एक उतरवायला पूर्ण दुपार लागे. लावून ठेवायचं आणि वाडीत चिकू निवडायला जायचं. त्या विवराचा काठ, काठावरून ओघळून थिजलेल्या लाव्ह्याच्या जिभा, तळाशी साचलेलं तळं, तळ्याचा दर महिन्याला बदलणारा रंग, हे सगळं मला आमच्या स्टेशनरोडपेक्षा जास्त पाठ झालं. स्टेशनरोडला खड्डे होते. त्यांच्यावर मात्र कुणी प्रबंध मागितला नव्हता.

एकदा त्यातलं एक चित्र छापून आणलं. झेरॉक्सवाल्याने कागद उजेडात धरून विचारलं, "मॅडम, हा कुणाचा एक्स-रे?" घरी पडवीत ते टेबलावर ठेवलं, तर जमनी त्याच्यावर वाकून उभी राहिली.

रुपजी आणि जमनी तलासरीकडच्या एका पाड्यावरून चिकूच्या हंगामात आमच्याकडे येत. तो टोकाला जाळी लावलेली लांब काठी घेऊन फळं उतरवायचा, ती खाली बसून लहान-मोठी वेगळी करायची. वीस वर्षं येत होते. त्यांच्या बोलीत तुम्ही-आम्ही नाही. मला, माझ्या सासऱ्यांना, वाडीत मोजणीला आलेल्या तलाठ्याला, सगळ्यांना तू. त्यामुळे आमच्या वाडीत मोठा माणूस आला की आधी गप्प व्हायचा, मग जमनीशी नीट बोलायचा.

"बाय, एवढा रगत कशाचा?" तिने विचारलं.

मी सांगितलं, ते रक्त नाही. या चित्रात जिवंत झाडं लाल दिसतात.

"मंग हिरवा दिसं ते मेलेलं?"

"तसंच काहीसं."

"ना काळा?"

"तो लाव्हा. दगड वितळून आलेला, मग थंड झालेला."

तिने बराच वेळ पाहिलं. एका ठिपक्यात दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जमीन मावते, हे मी तिला सांगितलं. म्हणजे तुझं घर, अंगण आणि शेळ्यांचा गोठा मिळून एक ठिपका. तिने बोटाने ठिपके चाचपले.

"माणसा कुठं हायत यात?"

"माणसं दिसत नाहीत. लहान पडतात."

"मंग कोणाला इचारते तू, हा काय ना तो काय?"

मी हसले होते. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला दोन विद्वान आले होते, एक पुण्याहून, एक बडोद्याहून. दोघांनी मिळून मला अकरा प्रश्न विचारले. हा त्यात नव्हता.

तर शब्द आला, आणि मी पहिल्यांदाच आफ्रिका सोडून स्वतःच्या पायाखालची चित्रं उतरवली. काय शोधायचं ते माहीत असलं की ते सापडतं. तलासरीच्या बाजूला, एका पाड्याच्या उत्तरेला, डिसेंबरच्या चित्रात एक गोल खळगा होता. कड स्पष्ट, एका अंगाला दाट सावली. मी त्याच जागेचं आधीच्या एप्रिलमधलं चित्र काढलं. त्यात त्याच खळग्याभोवती काळं वर्तुळ. आत फिकट तळ, भोवती काळी कड. चार वर्षं मी रोज हेच पाहत आले होते. माझ्या अंगावर काटा आला आणि, खोटं कशाला सांगू, त्या काट्यात थोडा आनंदही होता.

आमच्याकडचा सगळा दगड मुळात लाव्ह्याचाच आहे, पण सहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो आता कुणाचं काही बिघडवत नाही. घरांच्या पायात जातो, नाही तर रस्त्यावर. नवं विवर असणं जवळजवळ अशक्य. हे मला माहीत होतं. "जवळजवळ" हा शब्द मात्र विद्वानांना फार धोक्याचा.

जानेवारीत सभा झाली. शाळेच्या मैदानात मांडव, व्यासपीठ, मागे मोठा फलक : "ज्वालामुखी : समज आणि गैरसमज". फलकावर एक डोंगर आग ओकत होता, आणि त्याच्या पायथ्याशी, कुणाच्या कल्पनेने कोण जाणे, नारळाची झाडं होती. समज कोणता आणि गैरसमज कोणता, ते फलक पाहून कळणं अवघड होतं. पाहुण्यांना शाल, नारळ, गुलाबाचं फूल. एक मोठे साहेब भूमातेच्या कोपावर बोलत होते. "मित्रहो, संकट हे संधी घेऊन येतं," एवढ्यात आवाज आला आणि व्यासपीठ हललं. साहेब पायऱ्या न घेता उतरले. त्यांच्यामागे शाल, नारळ आणि प्रास्ताविक करणारे गुरुजी. पाड्यांवरची माणसं मैदानात बसली होती ती तशीच बसून राहिली. त्या मैदानात पडण्यासारखं बांधकाम एकच होतं, आणि त्यावर पाहुणे होते.

हसू आवरून लोकांनी त्यांना पुन्हा वर चढवलं. मग माझी पाळी.

पडद्यावर भर दुपारी काय दिसणार? फिकट कागदावर चहाचा कप ठेवल्यावर उमटतं तसं एक कडं. मी सांगितलं की हे विवरासारखं दिसतं, खात्री नाही, जाऊन तपासावं लागेल. जागा कुठली तेही सांगितलं. खाली बसलेला रुपजी उठला. नव्या सरकारी घरकुलाच्या भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेल्यापासून तो आणि जमनी महिनाभर तंबूत राहत होते. तंबू टेकाडाच्या आडोशाला लावले होते, तिथे वारा लागत नसे. जुनं कारवीच्या कुडाचं घर शेजारीच उभं होतं. ते हलायचं, पडायचं नाही. त्यात शेळ्या बांधत. शेळ्या आत आणि माणसं बाहेर, असा तो हिवाळा होता.

"बाय, ती जागा आमचे पाड्यामागं. पण तिथं खड्डा नाय. टेकाड हाय."

मी व्यासपीठावरून उत्तर दिलं. ते मला शब्दन् शब्द आठवतं. "विवराची कड बाहेरून टेकडीसारखीच दिसते, रुपजी."

"वर खड्डा नाय गो. कातळ हाय. आमची ढोरा चरं."

"जुनं विवर आतून भरून येतं."

लोक माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. त्याच्या प्रत्येक म्हणण्याला माझ्याकडे उत्तर होतं, आणि उत्तर सापडलं की माणसाला आपण बरोबर आहोत असंच वाटतं. रुपजीने पागोटं नीट केलं.

"बरं. तू शिकेल हायस. आमी आता कुठं निजू, तेवढा सांग. घरात, का टेकाडाआड, का अजून कुठं?"

एवढाच प्रश्न होता. सगळ्या सभेत खरा प्रश्न तेवढाच. पण मी सावध माणूस. सावध माणसं नेहमी लांब राहायला सांगतात.

"घरात नको," मी म्हटलं. "आणि तपासणी होईपर्यंत टेकडीपासूनही लांब राहा."

पाड्यावरच्या सात घरांनी दुसऱ्या दिवशी तंबू उचलले आणि रस्त्याकडेच्या उघड्या माळावर नेले.

तपासणीसाठी जीप येणार होती. पहिल्यांदा ती आली नाही, कारण मोठे साहेब दुसऱ्या तालुक्यात भूमातेवर बोलत होते. दुसऱ्यांदा जीप आली, पण माझ्या कॉलेजच्या परीक्षा होत्या. एसटीने जाता आलं असतं. एसटी दर तासाला आहे, मी परवाच वेळापत्रक पाहिलं.

माळावरचा वारा मी एकदा अनुभवला, दिवसा अकरा वाजता; टेकाडापर्यंत मात्र गेले नाही. तंबूचं कापड फडफडत होतं आणि बोलताना ओरडावं लागत होतं. वर्गही उघड्यावर भरलेला. मुलं पाढे म्हणत होती आणि धक्का आला की पाढा न थांबता नुसतं "आला" म्हणत होती, बारा सक बहात्तर, आला, बारा साते चौऱ्याऐंशी. जमनी तंबूच्या तोंडाशी उन्हात बसली होती. तिला दमा होता. तो वाडीतही होता, पण तिथे ती चिकू निवडता निवडता थांबून खोकायची. इथे खोकता खोकता थांबून बोलत होती.

"काय गो, तुझा खड्डा उठला का नाय अजून?"

"अजून नाही."

"उठला तं लवकर उठू दे. माना थंडी वाजते."

मी परत आल्यावर दोन गोधड्या पाठवल्या. सल्ला देऊन झाल्यावर माणूस गोधड्या पाठवतो.

फेब्रुवारीत ती गेली. दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी, न्यूमोनियाने. भूकंपात गेलेल्यांच्या यादीत तिचं नाव नाही, आणि ते योग्यच आहे. तिच्यावर काही पडलं नव्हतं. तिच्या अंगावर एक ताडपत्री आणि माझं मत, एवढंच होतं.

पुढचं कळायला मला एप्रिल उजाडला. रुपजी एकटाच आला. जाळीची काठी नीट केली, दोन झाडं उतरवली आणि दुपारी पडवीत चहाला बसला. मी टेबलाच्या या बाजूला, तो त्या बाजूला. मध्ये कागदांचा गठ्ठा, त्यावर कपाचं वजन. तो कप उचलून प्यायला लागला आणि वरच्या कागदाकडे बघत राहिला. डिसेंबरचं चित्र होतं, माझ्या बाजूने सुलटं. म्हणजे त्याच्या बाजूने उलटं.

"हाच तं टेकाड," तो म्हणाला.

"कुठे?"

"हा काय. उंच उठेल हाय. ह्या बाजूला उजेड, ह्या बाजूला सावली."

मी उठून त्याच्या बाजूला गेले, त्याच्या खांद्यावरून पाहिलं. खळगा नव्हता. एक गोल, गुबगुबीत टेकडी कागदातून वर आली होती, फुगलेल्या पोळीसारखी.

हे मला माहीत होतं. हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. आपल्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय असते. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, म्हणजे चित्रात खालच्या बाजूला असतो. म्हणून डोंगर खड्डे दिसतात आणि खड्डे डोंगर. शंका आली तर चित्र उलटं धरून पाहा. परीक्षेत हा प्रश्न पाच गुणांना येतो आणि बहुतेक मुलांना पाच पडतात.

मी एप्रिलचा जुना कागद काढला. काळ्या वर्तुळाचा. हाही त्याच्या बाजूने ठेवला.

"आणि हे काळं?"

त्याने पाहिलं आणि पहिल्यांदा हसला. "राब, बाय."

राब मी लहानपणापासून पाहते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर झाडांचा तोडलेला टाहाळ, पाचोळा, शेण पसरून उन्हाळ्यात भाजतात. मार्च-एप्रिलभर साऱ्या तालुक्याला त्याचा वास असतो, माझ्या साड्यांनाही. टेकाडाच्या पायथ्याला झाडं होती, म्हणून सात घरांचे राब टेकाडाभोवती गोल होते. तो बोटाने दाखवत गेला. "हा लाडक्याचा. हा काकडचा. हा भावाचा. हा माझा." वर्तुळाचा एकेक तुकडा एकेका घराचा निघाला. मी ज्याला लाव्हा म्हटलं होतं तो त्यांनी स्वतः, काडेपेटीने पेटवला होता.

मग त्याने कप खाली ठेवला.

"मंग आमी उगाच हाललो?"

वर्षानुवर्षं मी वाचत आले आहे की सत्य बोलायला धैर्य लागतं. लागत नाही. दुसरं काही सुचलं नाही की ते आपोआप निघतं.

"हो," मी म्हटलं.

वाडीत एक चिकू पडला. त्याने तिकडे पाहिलं. तो पडलेलं फळ कधी सोडत नाही.

"हा कागद जमनीला दाखवला असतास तं तिनं वळखला असता," तो म्हणाला. "राब तीच भाजं. माना नाय जमं. माझे हाती जाळ पसरते."

तो उठला आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. जाताना नेहमीसारखं "येतू" म्हणाला. मी टेबलावरचे कागद उचलले नाहीत. त्याच्या बाजूने ठेवलेले तसेच राहू दिले.

चूक झाल्याचं पत्र मी दुसऱ्याच दिवशी तहसील कचेरीत लिहून दिलं. दिलेल्या माहितीबद्दल आभार मानणारं उत्तर आलं. मे महिन्यात निरोप आला की भूकंपकाळातल्या जनजागृतीबद्दल माझा सत्कार ठरला आहे. मी नाही म्हटलं, तर सन्मानचिन्ह घरी आलं. काचेसारख्या प्लास्टिकचा डोंगर, वर तांबडी ज्वाळा, खाली माझं नाव, पदवीसकट. मी ते मांडणीवर ठेवलं आहे. धक्का आला की वाट्यांच्याही आधी तेच वाजतं.

त्यानंतर मी आफ्रिकेची चित्रं पुन्हा उघडली. चौदाव्या आकृतीत विवराच्या पश्चिम उतारावर एक काळा पट्टा आहे. त्याखाली मी "तुलनेने ताजा लाव्हा" असं लिहिलं आहे. तो पट्टा फक्त उन्हाळ्यातल्या चित्रांत दिसतो. पावसाळ्यानंतर तिथे लाल होतं, म्हणजे हिरवं. हे पुण्याच्या विद्वानांनी विचारलं नाही, बडोद्याच्याही नाही. तिथेही कुणी बाई असेल, जाळ पसरू न देता भाजणारी. मी कुणाला विचारणार? माझी पदवी कायम आहे.

यंदाच्या एप्रिलचं आमच्याकडचं चित्रही उतरवलं. टेकाडाभोवतीचं काळं वर्तुळ पुन्हा आलं होतं. फक्त पूर्ण नव्हतं. एका बाजूला तीन ठिपके लाल-करडे राहिले होते, न भाजलेले. कुणाच्या घराचे ते आता मला नकाशाशिवाय कळतं.

धक्के अजून येतात. पाड्यावरची माणसं पुन्हा कुडाच्या घरांत राहतात, रुपजी भावाने नव्याने बांधलेल्या घरात; शेळ्या घरकुलात. परवा रविवारी मी दर तासाच्या त्या एसटीने तिकडे गेले. पाड्यामागून पायवाट आहे. वर कातळ आहे, गवत आहे आणि गुरांचं शेण. चढायला सहा मिनिटं लागली, त्यात एकदा चप्पल निघाली.